काचेतला जीव

“पप्पा, आज नवी लेन्स. शब्द दे,” चर्चच्या दारात रांगहिल्ड म्हणाली. तिच्या कडेवर तिची चार महिन्यांची इंगा, पांढऱ्या लांब झग्यात, बाप्तिस्म्याला सज्ज.

“दिला,” टोरलाइफ पडेल आवाजात म्हणाला.

“माझ्या लग्नाच्या फोटोंत नवरा कोणता तेही कळत नाही. आज धूसर आले, तर यापुढे घरातले सगळे फोटो योनास काढेल. मोबाइलवर.”

योनास म्हणजे जावई. नाताळच्या फोटोत हमखास सगळ्यांची डोकी उडवणारा.

टोरलाइफला घामच फुटला असता, पण बाहेर उणे पंचवीस अंश होतं. फिल्मच्या कॅमेऱ्याची जुनी लेन्स तो जोडणीचं कडं लावून डिजिटललाही बसवायचा. जुन्या काचेत जीव असतो, नवी काच नुसत्या सुरकुत्या मोजते, माया करत नाही, असं तो येईल त्याला ऐकवायचा. ऐकवून झालं की थोडा थांबायचा, कुणी भारावलंय का ते बघायला. तेवढ्यात बायको, गुड्रून, कॉफी पुढे करायची.

बर्फावरच्या घसरगाडीवरून आणलेली पिशवी त्याने बाकावर ठेवली. गारठलेला कॅमेरा काढला आणि दिल्या शब्दाला जागून नवी लेन्स लावली. आत शेगड्यांची ऊब होती. पाद्रीणबाईंनी इंगाच्या डोक्यावर पाणी घातलं. त्याने धडाधड फोटो काढले. सगळं धूसर दिसत होतं. दोष त्याने आपल्या चष्म्याला दिला. कॅमेऱ्याच्या पडद्याकडे एकदाही पाहिलं नाही. फिल्मवर वाढलेला माणूस फोटो लगेच बघत नाही, त्याची वाट बघतो. हेही त्याचंच वाक्य.

विधी संपताच रांगहिल्डने कॅमेरा ओढून घेतला. टोरलाइफ तिच्या खांद्यावरून डोकावला. मेणबत्तीभोवती तेजाचं कडं. इंगाचं कपाळ दुधात भिजल्यासारखं. थंडीतून उबेत आलेल्या काचेवर वाफ धरली होती.

रांगहिल्डने एकेक फोटो पुढे सरकवला. मग तिने डोळे पुसले.

“लबाड कुठला! जुनीच लावलीस ना? बरं केलंस. खरंच जीव आहे रे यात. हरले मी.”

टोरलाइफने नुसती होकारार्थी मान हलवायची होती. आयुष्यभराचा वाद जिंकला असता. पण इंगाच्या टाळूवरचं पाणी अजून वाळलं नव्हतं, आणि ती टक लावून त्याच्याचकडे बघत होती.

“नवीच आहे,” तो पुटपुटला. “वाफ धरली होती.”

गुड्रूनने हसू दाबायला तोंडाला रुमाल लावला. तिचे खांदे गदगदत होते.

टोरलाइफने निमूटपणे काच पुसली आणि पुन्हा एक फोटो घेतला. लख्ख. पापणी न् पापणी दिसत होती, नाकाखालचा शेंबूडसुद्धा. रांगहिल्डने तो पाहिला. मग आधीचा धूसर पाहिला. पुन्हा हा पाहिला.

“पप्पा,” ती हळूच म्हणाली, “काचेवर जरा फुंकर मार ना.”