साहेबांचा आकडा

"बत्तीस जीबीच्या मशीनवर डेटाबेसला चौसष्ट जीबी मेमरी कुठून देणार, साहेब?" तिकीट कार्यालयाचा सर्व्हर सांभाळणारी ती म्हणाली. साहेबांनी तिला खुर्चीवरून उठवलं आणि सेटिंगच्या फाइलमधला तिचा चोवीसचा आकडा खोडून स्वतःच्या हाताने चौसष्टचा टाकला.

पुढचे तीन आठवडे येता-जाता टोमणे. "काय मॅडम, कोसळला का सर्व्हर? उलट कसा पळतोय बघा!" सगळे फिदीफिदी हसायचे. तिच्या वार्षिक शेऱ्यात त्यांनी लिहिलं, 'भित्री. ज्ञान अर्धवट.' एकदा ती सांगायला गेली, "साहेब, ते सेटिंग अजून..."

"पुरे तुमचं पुराण!"

त्यानंतर तिने तोंडाला कुलूप लावलं.

आज भरदुपारी, खाली तिकिटांच्या बाराही खिडक्यांवर रांगा लागलेल्या असताना, सर्व्हर जरा मंदावला.

"रीस्टार्ट करा," साहेब गरजले.

"लेखी द्या."

त्यांनी दातओठ खात कागदावर सही ठोकली. सर्व्हर बंद झाला आणि पुन्हा उठेचना. पडद्यावर एकच ओळ आली : मागितलेली मेमरी उपलब्ध नाही. खालून लोकांचा आरडाओरडा ऐकू येऊ लागला.

"काय करून ठेवलंत तुम्ही?" साहेब तिच्या अंगावर धावून आले.

तिने शांतपणे फाइल उघडून चौसष्ट खोडलं.

"सर्व्हर ही फाइल फक्त सुरू होताना वाचतो, साहेब. तीन आठवडे तो माझ्याच आकड्यावर पळत होता. तुमचं त्याने आज पहिल्यांदा ऐकलं."