चाकामागचा दगड

तिसऱ्या वळणानंतरच्या चढावर इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. अख्खा घाट सोडून गाडीला धाप लागावी ती नेमकी इथेच! मेहुण्याकडून मागून आणलेली गाडी, तीही मालकासारखीच. सपाटीवर मोठी ऐट आणि चढ दिसला की अंग चोरायचं. बॉनेटमधून वाफ यायला लागली तसा त्याने ब्रेक दाबला. हातब्रेक ओढला, तर तो नुसताच वर आला.

“पाय काढू नका,” बायको म्हणाली आणि दार उघडून उतरली. रस्त्याकडेचा एक दगड तिने दोन्ही हातांनी उचलला, मागच्या चाकाला लावला आणि टाच मारून घट्ट बसवला. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं त्याच्या ट्रकवर क्लीनर टिकत नव्हता, तेव्हा हीच त्याच्या शेजारी बसायची. गाडी चढावर थांबली की दगड तिने लावायचा, निघाली की तिनेच काढायचा. पुढे मुलगा झाला आणि ती घरी राहिली. हातांना मात्र सगळं आठवत होतं.

सकाळी ती एवढंच म्हणाली होती, “वर्ष होत आलं. मला आता ती जागा दाखवा.”

वर्षभर तो टाळत आला होता. कधी गाडी नाही, कधी रस्ता खराब. आज कुठलीच सबब उरली नाही, तेव्हा त्याने वाटेत मनाशी दुसरंच ठरवून टाकलं. पाचव्या वळणापुढे उघडा कातळ आहे, खाली दगडांचा खच पडलाय, ‘दरडीपासून सावध’ असा गंजका फलकही आहे. तिथे थांबायचं आणि सांगायचं, इथेच. पोलिसांच्या कागदावर तसंच लिहिलं होतं: डोंगरावरून सुटलेल्या दगडावर मोटारसायकल आदळून मृत्यू. भेटायला येणारे म्हणायचे, डोंगराने पोर खाल्लं. तो मान हलवायचा. ती उठून आत जायची.

पण या चढाला डोंगर म्हणजे नुसती माती आणि गवत. वरून पडायला खडासुद्धा नव्हता. आणि ती कमरेवर हात ठेवून वरच बघत होती.

तो बॉनेट उघडून त्याच्या आड उभा राहिला. बाटलीतलं निम्मं पाणी बाहेरच सांडलं.

त्या दिवशी इथेच ट्रकचा फॅनबेल्ट तुटला होता. ट्रक भरलेला आणि बरोबर कुणी नाही. चाकामागे दगड लावून त्याने खाली निघालेल्या दुधाच्या गाडीबरोबर घरी निरोप धाडला, पोराला बेल्ट घेऊन पाठवा. या डोंगरात फोन कुणाचाच लागत नाही. तासाभराने एक ट्रकवाला आला, त्याच्याकडे जुना बेल्ट निघाला. बेल्ट देऊन तो घाईने पुढे गेला. याने बेल्ट बसवला आणि ट्रक वर काढला. भरलेला ट्रक, तोही चढावर. दगड काढायला एकट्या माणसाने उतरायचं म्हणजे ट्रक दरीत सोडून देण्यासारखंच. मग दगड रस्त्यातच राहतो. सपाटीला ट्रक लावावा, चालत मागे यावं आणि दगड बाजूला करावा, असं त्याच्या मनात आलं होतं. पण ते मनातच राहिलं. माल उतरवायला उशीर झाला होता. पोरगा येऊन वाटेत गाठेल, असं धरून तो पुढे गेला. दिवेलागणीला पोरगा बेल्ट आणि आईने दिलेला डबा घेऊन भरधाव आला, तो त्या दगडावर.

तेव्हापासून त्याने ट्रकला हात लावला नव्हता. लोकांना वाटलं, दुःखाने. दुःख होतंच. पण त्याच्या तळाशी हे होतं, आणि हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. हिला तर नाहीच. हिला कळलं, तर ज्या घरात आता दोघंच उरलो आहोत, तिथे उद्यापासून आपण एकटेच राहू, ही भीती त्याला वर्षभर कुरतडत होती.

“जागा अजून पुढे आहे,” तो बॉनेटआडून म्हणाला.

“बरं,” ती म्हणाली.

काटा खाली आला. इंजिन सुरू झालं. “चल, बस,” तो म्हणाला.

“तुम्ही वर घ्या. सपाटीला थांबा. मी येते चालत.”

गाडी कुरकुरत वर चढली. सपाटीला थांबून त्याने आरशात पाहिलं. ती रस्त्याच्या मधोमध वाकली होती. तिने दगड उचलला, पोटाशी धरला आणि कडेच्या गवतात, कुणाच्याही चाकाखाली येणार नाही इतका लांब नेऊन ठेवला. मग रस्त्यावर परत येऊन ती दगडाच्या जागी बसली. बराच वेळ बसली. एका हाताने रस्त्यावरची धूळ झाडत राहिली, पोराचं अंथरूण झाडायची तशी.

ती वर आली तेव्हा पदराला माती लागली होती. दार ओढून घेऊन तिने हात मांडीवर ठेवले.

“पाचव्या वळणापुढे…” त्याने सुरुवात केली.

“गाडी मागे वळवा,” ती म्हणाली. “जागा बघून झाली माझी.”

मान वळवून तिच्याकडे बघायचं त्याला धाडस होईना.

“दुधाच्या गाडीवाल्याने निरोपात हाच चढ सांगितला होता. पोलीस चौकीत मोटारसायकल आणायला मी गेले होते. तो दगडही तिथे ठेवला होता. एका अंगाला ट्रकच्या टायरचा रुंद काळा पट्टा,” ती समोर बघत म्हणाली. “त्या दिवशी दगड उचलायला तुमच्याबरोबर मी नव्हते.”