पाण्याची गाठ

“सुई आणली नं ताई?” झिंगूने विचारलं.

संघप्रियाने मान हलवली. आरमोरीतल्या त्याच्या मटणाच्या दुकानात ती येते ती बकऱ्यांच्या कलेजीतल्या गाठींसाठी. गाठीतलं पाणी सुईने ओढायचं, बर्फात ठेवायचं आणि नागपूरच्या प्रयोगशाळेत त्यातली प्रथिनं वेगळी करायची, हे तिचं काम. या गाठी ज्या किड्यामुळे होतात, तो कुत्र्यामार्फत माणसाच्या पोटातही शिरतो. यातलं कोणतं प्रथिन माणसाच्या रक्तात त्याची चाहूल देतं, ते तिला शोधायचं आहे.

पण आज दुकानात बकरा टांगलेला नव्हता. झिंगूने तिला आतल्या खोलीत नेलं. खाटेवर त्याची बायको सोमारी पडली होती. उजव्या बरगडीखाली फुगवटा, आणि त्याभोवती झिंगूने डॉटपेनने काढलेला गोल. गॅसवर पातेल्यात पाणी उकळत होतं.

“सोनोग्राफी केली. पाण्याची गाठ हाये म्हणते. मोठ्या दवाखान्यात चिरतीन,” झिंगू म्हणाला. “चिरणं काय असते थे मले मालूम हाये. तुमीच पाणी काढून द्या.”

“नाही, झिंगूभाऊ.”

“काऊन? माह्यासमोर इतक्या गाठी काढल्या. थेंब सांडत नाई तुमचा.”

“सांडला तरी बकऱ्याचं काय बिघडते? ते मेलेलं असते.”

झिंगूने खिशातून मेडिकलमधून आणलेली पाकीटबंद सुई काढली. “मंग तुमी सांगा, मी टोचतो.”

झिंगूचा हात चांगला होता, यात वाद नाही. पण त्या हाताखालून उठून घरी गेलेलं अजून कोणी नव्हतं.

हे त्याला आपणच शिकवलं, या विचाराने संघप्रियाला स्वतःचाच राग आला. “ते पाणी पोटात सांडलं तर श्वास कोंडते,” ती म्हणाली. “दवाखाना येण्याआधी माणूस जाऊ शकते. डॉक्टर आधी औषध देतात, मग काढतात.”

“तुमाले भेव लागून राह्यलं, म्हून सांगता.”

“हो, लागून राह्यलं.”

त्याने पाकीट फाडलं. संघप्रिया खाटेवर बसली आणि तिने त्या गोलावर आपला पंजा ठेवला.

“आता टोचा. माझ्या हातातून टोचा.”

सुई तिच्या बोटांशी येऊन थांबली. बकऱ्यापुढे झिंगूचा हात कधी थांबला नव्हता.

“ठेवा वो थे बाजूले,” सोमारी पहिल्यांदाच बोलली. “ऑटो पाहा.”

झिंगूने सुई खिडकीत ठेवली आणि डोळे पुसत बाहेर गेला. संघप्रियाने हात उचलला नाही. उचलायची तिची हिंमत होत नव्हती.

“ताई,” सोमारी म्हणाली, “माह्या गाठीतलं पाणी तुमच्या कामी येईन का?”

माणसाच्या गाठीतलं पाणी संघप्रियाला आजवर मिळालं नव्हतं. त्यासाठीच ती दवाखान्यात धाडते आहे असं वाटू नये म्हणून नाही म्हणणं सोपं होतं.

“येईन,” ती म्हणाली.

सोमारीने तिचं मनगट घट्ट धरलं.

“मंग संगं चाला. आन् पाणी भेटलं का निंगून जाऊ नका. मी उठून बसेपर्यंत थांबा.”