एका मिनिटाची शांतता

“आता एक मिनिट कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, खोकायचं नाही,” लेकीनं कानांवर हेडफोन चढवत सांगितलं. तिच्या वर्गातल्या लंबूनं लांब दांडीला बांधलेला माइक खोलीच्या मधोमध धरला. बाबा खुर्चीत ताठ झाले. आईनं हातातली बशी अलगद खाली ठेवली. रेकॉर्डर सुरू झाला, आणि वरच्या मजल्यावर काकानं हातोडा घातला. ठक्. ठक् ठक्.

“झालं कल्याण!” लंबू म्हणाला.

लेक फिल्म स्कूलच्या दुसऱ्या वर्षाला होती. परीक्षेची फिल्म तिनं घरीच, पुढच्या खोलीत केली होती. नट मंडळी काम उरकून गेली होती. आता उरली होती फक्त खोलीची एक मिनिट शांतता. संवादांच्या मधल्या फटी बुजवायला ती लागते, आणि त्याच खोलीची लागते. दुसरीकडची चालत नाही, सेकंदभर कमी भरलेलीही चालत नाही. मागच्या खेपेला तिनं वर्गातली शांतता खपवून बघितली, तर ध्वनीच्या सरांनी तीन सेकंदांत चोरी पकडली. “पुन्हा असं केलंस तर वर्ष गेलं समज,” ते म्हणाले होते. सर बोलतात ते करतात. सगळी यंत्रं पाचच्या आत, सात मिनिटांच्या वाटेवरच्या स्कूलमध्ये परत द्यायची होती, उद्या ती दुसऱ्या गटाकडे जाणार होती. आणि चार तर वाजून गेले होते.

खरं तर तिनं हे घर निवडलं तेच शांततेसाठी. बाबा आणि काका, सख्खे भाऊ, अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. जिन्यातला दिवा कुणी बदलायचा, एवढ्यावरून बिनसलं होतं. दिवा शेवटी आईनं बदलला, पण तोवर दोघांनी तोंडं फिरवली होती. काका वर एकटा, बाबा खाली. काही निरोप असला की लेक जिना चढायची. पुढेपुढे बाबांना एकूण बोलण्याचाच कंटाळा आला. आईशीसुद्धा ‘हं’, ‘बरं’ आणि ‘मीठ’ एवढ्यावर त्यांचं भागायचं. टाचणी पडली तरी ऐकू यावी असं ते घर. पण काकाला नेमका याच आठवड्यात सुतारकामाचा नाद लागला होता.

लेक धावत वर गेली. काका एका स्टुलाचा चौथा पाय ठोकत होता.

“काका, एक मिनिट थांब ना. माझी परीक्षा आहे.”

“तुझ्यासाठी दिवसभर थांबेन गं. पण अकरा वर्षं त्याचे निरोप तुझ्या तोंडून ऐकतोय. आज त्याला स्वतः सांगू दे.”

ती खाली आली आणि जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. “माझं काही अडलेलं नाही,” ते म्हणाले. हट्टीपणात दोघांना एकाच साच्यातून काढलेलं!

लेकीनं खिडक्या लावल्या. लंबूनं टेबलावर चढून छताला गादी दाबून धरली. ठक् ठक् चालूच. पाचला वीस मिनिटं असताना लंबूचे हात भरून आले आणि गादी आईच्या अंगावर पडली. लेक गुपचूप वायरी गुंडाळायला लागली. बाबांनी ते वर्तमानपत्राच्या कडेवरून पाहिलं आणि ते उठले. अनवाणीच जिन्याशी गेले. दोनदा घसा खाकरला.

“ए! बंद कर ते! पोरीचं वर्ष जाईल!”

ठोकणं थांबलं. जिन्यावर पावलं वाजली. हातोडा तसाच हातात घेऊन काका दारात उभा राहिला.

“मला बोललास, दादा?”

“मग काय भिंतीला बोललो?”

झालं, बांध फुटला! दिवा निघाला, दिव्याचं पाकीट कुणी लपवलं ते निघालं.

“मी वर एकटा तापानं फणफणलो होतो, तेव्हा फिरकलास तरी का?”

“आलो होतो. दारापर्यंत येऊन परत गेलो.”

“माहितीय. पावलं ऐकली मी.”

“मग दार का नाही उघडलंस?”

“तू का नाही वाजवलंस?”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. नवऱ्याचा एवढा आवाज तिनं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तिचे डोळे भरून आले होते आणि चहा उतू जात होता, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

“बाबा! काका! पाचला दहा मिनिटं आहेत!” लेक कळवळून ओरडली.

दोघांनी जीभ चावली. “गप रे, पोरीची परीक्षा आहे.” “तूच गप.” आणि दोघं शेजारी शेजारी बसले.

रेकॉर्डर सुरू झाला. हेडफोनमध्ये स्वच्छ, निखळ शांतता. दहा सेकंद. वीस. काका नखं बघत होता. तीस. बाबांचा चेहरा पुन्हा रोजच्यासारखा झाला. चाळीस. कुणी कुणाकडे बघेना. आई एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडत चालला होता. पन्नास.

“अहो, बोला ना काहीतरी!” आई एकदम ओरडली. “भावोजी, तुम्ही तरी बोला!”

दोघं दचकले आणि एकदमच बोलायला लागले. लेकीनं हेडफोन काढले. आता पुन्हा घ्यायला वेळ नव्हता, वर्ष गेलं होतं. तिनं रागानं आईकडे पाहिलं, पण आईचा चेहरा बघून तिला रागावताच येईना.

लंबूनं मात्र कपाळावर हात मारला. “काकू, आठच सेकंद राहिले होते हो!”

“अरे, आठ सेकंदांचं काय घेऊन बसलास!” आई म्हणाली. “माझ्याकडे अकरा वर्षांची शांतता पडून आहे, ने हवी तेवढी!”