तेवीस बॅगा

बंद पडलेल्या विमान कंपनीचा इतिहास लिहायला कॉलेजातली सिद्धी पार्से गावी धाकूकडे आली, तेव्हा तो अंगणात काजूबिया वाळत घालत होता. कंपनीत तो सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामाला होता. विमानं किती होती, कुठे कुठे जायची, मालक कोण, यातलं त्याला धड काही सांगता येईना. आठवत होता तो फक्त शेवटचा दिवस.

"प्रवासी सकाळच्या विमानाने आले नि घरी गेले. त्यांच्या तेवीस बॅगा राहिल्या, त्या दुपारच्या विमानाने आल्या. तोवर कंपनी खंय होती? ऑफिसाला कुलूप, साहेबांचे फोन बंद."

"मग?"

"मग काय! बॅगांवरचे फोन नंबर लावले, भावाचा टेंपो घेतला आणि एकेक पोचवत सुटलो. हरमल, डिचोली, पार सावंतवाडीपर्यंत. दारोदार शिव्या खाल्ल्या, बाय. अंगात कंपनीचा शर्ट होता ना."

"शर्ट काढून जायचं की, काका."

"शर्ट नसता तर चोर म्हणाले असते."

सिद्धी हसली. धाकूच्या अंगात हसायचंही त्राण नव्हतं. त्या फेऱ्यांत धरलेली कंबर अजून सुटली नव्हती.

निघताना तिने वहीतलं वाचून दाखवलं, "कंपनी बारा मार्चला बंद पडली. बरोबर ना?"

"बारा नको, वीस लिव," धाकू म्हणाला. "शेवटची बॅग, नार्वे गावच्या म्हातारीची, वीस तारखेला पोचली."