निळी रेघ

परसातल्या विहिरीच्या कठड्यावरून खंड्या उडाला आणि भार्गवरावांनी कॅमेऱ्याचं बटण दाबलं. कंपवातानं हात पुन्हा थरथरला. जन्मभर गावोगावच्या लग्नांचे फोटो काढलेल्या माणसाला आता एक पाखरूही स्पष्ट टिपता येत नव्हतं.

“कॅमेरा देऊन टाकू कुणाला तरी,” ते बायकोला म्हणाले.

भांडी घासत बसलेल्या कुमुदिनीबाईंनी हात पुसून फोटो पाहिला. केळीच्या हिरव्या धुक्यातून एक निळी रेघ ओघळत पाण्याकडे गेली होती.

“अहो, मी रोज इथून बघते ना, मला तो असाच दिसतो,” त्या म्हणाल्या. “निळं काहीतरी गेलं, एवढंच कळतं.”

दुसऱ्या दिवशी कोवळं ऊन परसात उतरलं, तेव्हा भार्गवरावांनी कॅमेरा उचलला, पण थरथर थांबवायला हात आवळून धरला नाही. खंड्या झेपावला आणि त्यांचा हात थरथरत, मोकळेपणानं त्याच्यामागे गेला.