असोद्याची की सोनगीरची

लिलाबाईंनी भागाबाईंच्या दंडात विणायची सुई आरपार घातली. मात्र जळगावच्या लोकर मेळाव्यात तसं काहीच घडलं नाही, असं सगळ्यांनी ठरवलं, कारण विणकामाच्या इतिहासावरचं भाषण अजून चालू होतं. रक्त उडालेली पांढरी लोकर दुकानदाराने गुपचूप लाल गुंड्यांत सरकवली.

भांडणही इतिहासाचंच. जाळीची वीण मुळात असोद्याची, असं लिलाबाई म्हणाल्या होत्या.

"हाई वीण सोनगीरनी शे, चोट्टे!" भागाबाई गरजल्या होत्या.

घोळ एवढाच, की लिलाबाईंच्या नातीच्या बारशाची अर्धी टोपी त्याच सुईवर होती. दवाखान्यात डॉक्टरांनी सुई धरताच भागाबाईच त्यांच्या अंगावर धावल्या, "ओढू नका, टाके सुटतील ना!"

 

आता डॉक्टरांच्या टेबलावर दोघींच्या सहीचा अर्ज आहे: "बारसे उद्या आहे. तरी टोपी पूर्ण होईपर्यंत सुई दंडातच राहू द्यावी, ही नम्र विनंती."